मागितलं तरी देऊ नकोस

कारखान्याच्या मागच्या भिंतीला टेकून मावशीचं किल्ल्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, खोकंच. आत एक माणूस बसला की दुसऱ्यानं फुटपाथवर उभं राहूनच बोलायचं. डाव्या हाताला किल्ल्या कापायचं मशीन, उजव्या हाताला खिळ्यांवर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि पाठीमागे लोखंडी कपाट, छोट्या छोट्या खणांचं. प्रत्येक खणाला वेगळं कुलूप. कपाट तिच्या नवऱ्यानं भंगारातून उचलून आणलं होतं. निम्म्या खणांना कुलपं बसवून झाली नि तो गेला. उरलेली तिनं बसवली. रडत बसली नाही, कानस उचलली नि बसली घासत.

खरं म्हणजे ती मावशी फक्त लंबूची. सख्ख्या बहिणीचा मुलगा तो. बहीण लवकर गेली, पोर हिनंच वाढवलं. तो मावशे मावशे करत दुकानाशी यायचा, म्हणून कारखान्यातली त्याच्याबरोबरची माणसं मावशी म्हणायला लागली, मग सगळी गल्लीच. पुढे पुढे तर तिच्याहून म्हातारी माणसंसुद्धा मावशी म्हणायची नि तीही ओ द्यायची.

त्या खणांत लोकांच्या वस्तू असायच्या. गहाण टाकलेल्या नाहीत, चोरीच्या तर नाहीतच. लोक आपल्या पायानं यायचे, वस्तू तिच्या हातात द्यायचे नि म्हणायचे, "मावशी, मी मागितलं तरी देऊ नकोस."

सुरुवात समोरच्या शिंप्यापासून झाली. त्याला सिगारेट सोडायची होती. डबी आणि लायटर घेऊन आला, म्हणाला, "टाकून देववत नाही, बायकोकडे देऊन उपयोग नाही, ती माझं तोंड बघून विरघळते. तू दगड आहेस. तू ठेव."

"दगड म्हणतोस आणि काम सांगतोस?"

"दगड आहेस म्हणूनच सांगतोय."

संध्याकाळी तो मागायला आलाच. आधी हसून मागितली, मग चिडून, मग तिच्या मेलेल्या नवऱ्यापर्यंत पोचला. मावशीनं मशीन चालू केलं. मशीनच्या आवाजात शिव्या ऐकू येत नाहीत, हा त्या धंद्यातला फायदा. दोन दिवसांनी मान खाली घालून आला नि तिच्या हातात एक शिवलेली पिशवी ठेवून गेला. 

मग लोक यायला लागले. ड्रायव्हरनं फोन आणून ठेवला, त्यात तो पत्त्यांचा जुगार खेळायचा. हॉस्पिटलातल्या नर्सनं एका माणसाच्या घराची किल्ली ठेवली. माणूस चांगला नव्हता. तिलाही ते माहीत होतं. पण सुट्टीच्या दिवशी दुपारी एकटं वाटायला लागलं की तिचे पाय तिकडेच वळायचे.

"मावशी, नुसती बघायला दे गं."

"बघायला कशाला किल्ली? त्याचं तोंड आठव, पोट भरेल."

"आज तो आजारी आहे म्हणे."

"मग तू नर्स आहेस ना? त्याला म्हणावं दवाखान्यात ये, नंबर लाव."

नर्स हसली, मग तिथेच पायरीवर बसून रडली, मग मावशीच्या बाटलीतलं पाणी पिऊन घरी गेली. किल्ली खणातच राहिली.

मावशीचा नियम एकच होता. ठेवतानाच सांगायचं, कधी द्यायची आणि कधी नाही. ती लिहून काही घ्यायची नाही, सगळं डोक्यात. तिला असं वाटायचं की एका शर्टात दोन माणसं राहतात. एक वस्तू आणून देतो, दुसरा मागायला येतो. दोघांचं तोंड एकच, चप्पल एकच, म्हणून घोटाळा होतो. तिनं आपलं ठरवून टाकलं होतं, आणून देणाऱ्याचं ऐकायचं, मागणाऱ्याला हाकलायचं. ज्याला स्वतःच्या भल्याचं कळतं तोच आणून देतो, नाहीतर एवढं ऊन तुडवत कोण येईल? आणि प्रत्येक वेळी तसंच निघालं. मागणारे शिव्या देऊन गेले आणि नंतर आभार मानायला आले. त्यामुळे तिचा जीव त्या नियमावर बसला. जरा जास्तच बसला.

लंबू टाकीवर होता. टाकी म्हणजे कारखान्यातल्या त्या मोठाल्या रसायनाच्या टाक्या. रिकाम्या झाल्या की तळाशी काळा गाळ राहतो, तो माणसांनी आत उतरून खरवडायचा. वरती गोल झाकण, जेमतेम खांदे जातील एवढं. लंबूला तर अंग तिरकं करून उतरावं लागायचं. दोस्त म्हणायचे, "याला दोन भागात पाठवा." तोंडावर मास्क, कमरेला दोर, आणि बाहेरून एका जाड पाइपातून हवा सोडणारा पंखा. उतरण्याआधी प्रत्येकानं आपलं कार्ड झाकणाशेजारच्या हूकला लावायचं, वर आलं की काढून घ्यायचं. हूक रिकामे झाले की टाकी रिकामी झाली, असा तिथला हिशोब. मग पंखेवाला पंखा बंद करायचा आणि झाकण ओढायचा. डोकी कोणी मोजायचं नाही. कार्डं बघायची.

काम घाण होतं पण रुबाब होता. टाकीवाले कँटीनमध्ये आले की बाकीचे बाकावर सरकून जागा द्यायचे. लंबूला ते फार आवडायचं.

एक दिवस भर दुपारी तो दुकानाशी आला आणि पायरीवर ओकला. डोळे पिवळे पडलेले. मास्क कुठेतरी फाटला होता, आत कोसळला होता, दोरानं ओढून वर काढला होता. मावशीनं त्याच्या तोंडावर पाणी मारलं. त्यानं खिशातून कार्ड काढलं.

"ठेव हे. पुन्हा उतरणार नाही."

"डॉक्टरकडे चल आधी."

"आधी ठेव. ऐक. मी मागायला येईन. मला माहितीय मी कसा आहे ते. मी रडत आलो, भीक मागत आलो, तर एक वेळ दे, काहीतरी खरंच अडलं असेल. पण हसत आलो ना, मजेत, तर मुळीच देऊ नकोस. तेव्हा मी हे विसरलेलो असेन."

"काय विसरलेला असशील?"

"खाली कसं वाटलं ते," तो म्हणाला आणि पुन्हा ओकला.

मावशीनं कार्ड खणात टाकलं, कुलूप लावलं.

कारखान्यानं त्याला स्टोअरमध्ये बसवलं. नट, बोल्ट, हातमोजे वाटायचं काम. खोकला गेला, अंगावर मांस आलं. त्याची बायको मावशीला सांगायची, "आता रात्री दचकून उठत नाहीत. पोरीला खांद्यावर घेऊन फिरतात." पुढच्याच वाक्याला म्हणायची, "पण बोलत नाहीत हो. टीव्हीसमोर बसतात आणि टीव्ही बंद असतो."

टाकीवरचे दोस्त स्टोअरच्या खिडकीशी येऊन म्हणायचे, "शेठ, हातमोजे द्या. नाजूक साइज तुमच्यासाठी ठेवा." लंबू हसायचा. कार्डाचं विचारलं की म्हणायचा, "मावशीच्या तुरुंगात आहे, जामीन मिळत नाही." सगळ्या कारखान्याला ते पाठ झालं होतं.

मावशीला दोन्ही दिसत होतं. चांगला धडधाकट माणूस, आणि विझलेलं तोंड. बरा आहे म्हणावं तर चेहरा बघवत नव्हता, वाईट आहे म्हणावं तर छाती साफ झाली होती. ती स्वतःशी म्हणायची, जिवंत आहे ना, मग तोंड काय, उजळेल कधीतरी.

आणि एक दिवस तो आला, पोरीला खांद्यावर घेऊन, शीळ घालत. दाढी केलेली, केस ओले.

"मावशे, कैद्याला सोड."

"कोण कैदी?"

"कार्ड गं माझं. उद्यापासून मोठी टाकी उघडतायत. माणसं कमी आहेत. सुपरवायझर स्वतः आला होता स्टोअरमध्ये, म्हणाला तुझ्यासारखा हात नाही."

"नाही."

"अगं, पूर्ण विचार केलाय. आता नवीन मास्क आलेत. मला काही झालंय का बघ, घोड्यासारखा आहे."

"हसत आलास तर देऊ नकोस म्हणाला होतास."

"तेव्हा घाबरलो होतो मी! घाबरलेल्या माणसाचं बोलणं काय धरून बसतेस? तो मी नव्हतोच."

"मग कोण होता?"

"तो? तो एक ओकणारा माणूस होता." तो मोठ्यानं हसला, खांद्यावरची पोरगी पण हसली. मग त्यानं आवाज खाली आणला. "मावशे, स्टोअरमध्ये मी सडतोय. सकाळी उठायचं कशाला असं वाटतं. तुला ते भलं वाटतं का माझं?"

मावशीनं हातातली किल्ली मशीनला लावली, काढली, परत लावली. तिच्याकडे फक्त नियम होता.

"तू रडत आलास तर देईन," ती म्हणाली.

"आता रडायचं सोंग करू?"

"सोंग मला कळतं."

"मग ठेव लोणचं घालून," तो म्हणाला. रागानं नाही, नेहमीसारखंच. पोरीला म्हणाला, आजीला टाटा कर. पोरीनं केला. वळून जाताना तो परत शीळ घालत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्याचा भोंगा वाजला. जेवणाच्या सुट्टीचा नव्हे, अपघाताचा, लांबच लांब वाजतो तो. मावशी उठली, दुकान उघडं टाकून गेटपर्यंत गेली. गेटवर आत सोडलं नाही. ती तिथेच उन्हात उभी राहिली. आतून येणारा प्रत्येक जण तिला बघून वाट वाकडी करत होता. तेव्हाच तिला कळलं, सांगायला कुणी येण्याआधी.

सांगितलं ते पंखेवाल्यानं, संध्याकाळी, दुकानाच्या पायरीवर बसून. लंबूचा जुना दोस्त तो. त्याच्यानं बोलवत नव्हतं.

सुपरवायझरला माणसं कमी पडत होती. लंबू स्टोअर बंद करून तिकडे गेला. कार्ड नाही म्हणाला. सुपरवायझर म्हणाला, कार्डाचं नंतर बघू, उतर. लंबू उतरला, दोर पुरेना म्हणून तो सोडून लांबच्या कोपऱ्यात गेला. जेवायची वेळ झाली, सगळे वर आले, आपापली कार्डं काढून घेतली. आधीच्यांना वाटलं तो मागच्यांबरोबर आहे, मागच्यांना वाटलं तो आधीच गेला. सुपरवायझर तेव्हा जेवायला गेलेला.

"हूक रिकामे होते गं," पंखेवाला म्हणाला. "मी बघितले. एकूण एक रिकामे. मी पंखा बंद केला. झाकण ओढलं. मी ओढलं."

मावशीनं पाण्याची बाटली त्याच्यापुढे सरकवली.

"कार्ड असतं तर पंखा चालू राहिला असता," तो म्हणाला. तोंडातून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. त्यानं हात तोंडावर धरला.

"खरंय," मावशी म्हणाली. "पुढे बोल. तू फक्त एवढं सांगायला आला नाहीस."

पुढचं असं होतं. सुपरवायझर आता म्हणत होता, मी पाठवलाच नाही, तो आपणहून घुसला. आणि ऑफिसातली माणसं म्हणत होती, कार्ड मावशीच्या कपाटात असेल तर तो टाकीवरचा माणूसच नव्हता. त्यानं स्वतः ठरवून काम सोडलेलं. मग भरपाई कसली? उद्या ऑफिसातला माणूस विचारायला येणार होता.

मावशी उठली, कपाटाकडे गेली, खण उघडला. कार्डावरच्या फोटोत लंबू दात काढून हसत होता. तिनं फोटोवर अंगठा ठेवला आणि कार्ड पंखेवाल्यासमोर धरलं.

"हूकांच्या खाली गाळाचा चिखल असतो ना?"

"असतो," तो म्हणाला.

"हूक वाकडा होता, कार्ड घसरलं, चिखलात गेलं. झाडूवाल्याला सापडू दे. तुला नको. तुझं नाव कुठे येऊ देऊ नकोस."

"पण मावशी, तू काय सांगशील?"

"मी दिलं म्हणून सांगीन."

"अगं, लोक तुला..."

"जा आता. अंधार पडायच्या आत जा."

ऑफिसातला माणूस दुसऱ्या दिवशी आला. तरुण होता, सभ्य होता, ओळीत उभं राहावं तसा फुटपाथवर उभा राहिला. मावशीनं स्टूल पुढे केलं.

"कार्ड तुमच्याकडे होतं, असं सगळे म्हणतात."

"होतं. आदल्या दिवशी मागायला आला. दिलं."

"तुम्ही कधीच कुणाला देत नाही, असंही सगळेच म्हणतात."

"भाचा होता माझा."

त्यानं पेन फिरवलं. "इतके महिने का नाही दिलं?"

"तो नको म्हणाला होता."

"आणि परवा?"

"हवं म्हणाला."

"मग त्याचं खरं म्हणणं कुठलं धरायचं?"

"ते मला कळत असतं तर मी इथे किल्ल्या घासत बसले असते?"

तो थोडा हसला. वाईट नव्हता तो. म्हणाला, "मावशी, आम्हाला काहीतरी एक धरावं लागतं. माणसानं शेवटी जे केलं तेच त्याला हवं होतं, असं आम्ही धरतो. माणसाच्या डोक्यात शिरून बघता येत नाही. तो उतरला म्हणजे त्याला उतरायचं होतं."

"उतरायचं होतं आणि वर यायचं होतं. ती एकच गोष्ट होती. तुम्ही अर्धीच धरता."

"पण धोका त्याला माहीत होता. तुम्हालाही होता. आणि तरी तुम्ही कार्ड दिलंत." त्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. "मी तुमच्या जागी असतो तर दिलं नसतं."

मावशीनं मशीनवरचा भुसा झाडला. "हो," ती म्हणाली. "तुम्ही शहाणे आहात."

त्यानं लिहून घेतलं, तिची सही घेतली, पेन खिशाला लावलं आणि उन्हात चालत गेला.

कार्ड चिखलात सापडलं. भरपाई मिळाली, घर चालेल एवढी. सुपरवायझर दुसऱ्या कारखान्यात गेला.

आणि गल्लीत पसरलं, मावशीनं दिलं. शिंप्याला नाही म्हणाली, नर्सला नाही म्हणाली, सगळ्या दुनियेला नाही म्हणाली आणि स्वतःच्या भाच्याला मात्र मरायला कार्ड काढून दिलं. लोक एकेक करून यायला लागले. भांडले नाहीत. नजर चुकवून म्हणायचे, "मावशी, ते माझं जरा..." ती खण उघडायची, वस्तू हातात द्यायची. आता कोणाला अट विचारायची नाही. ड्रायव्हर फोन घेऊन गेला आणि कोपऱ्यावर जाईपर्यंत त्याचं डोकं त्यात खुपसलेलं होतं. मावशीनं ते बघितलं. हाक मारली नाही. कोणत्या तोंडानं मारणार?

खरं काय ते पंखेवाल्याला माहीत होतं. एकदा तो तावातावानं आला, म्हणाला, मी सांगतो सगळ्यांना, भरपाई तर मिळाली ना, आता काय होतंय? मावशीनं त्याला असा झापला की तो पुन्हा त्या विषयावर बोलला नाही. "मिळालेलं काढून घेतात ते," ती म्हणाली. "आणि तुला काय वाटतं, खरं सांगून मी सुटेन? कार्ड दिलं म्हणून गेला काय आणि नाही दिलं म्हणून गेला काय. मला मधली वाट काढता आली नाही, एवढंच खरं. त्यातलं पोरीच्या उपयोगाचं जे होतं ते मी घेतलं."

लंबूची बायको बरेच दिवस आली नाही. मग आली, भावाकडे कायमची राहायला जायच्या दिवशी. बॅगा रिक्षात होत्या, रिक्षा रस्त्याच्या कडेला चालूच होती. पोरगी रिक्षात बसली होती.

दुकानापुढे एक गिऱ्हाईक उभं होतं, गोदामाची किल्ली करून घ्यायला. ती त्याच्या मागे उभी राहिली, जणू नंबर लावल्यासारखी. मग तिला थांबवेना.

"तुम्ही दिलंत?" तिनं विचारलं.

मावशीनं मशीन बंद केलं. "दिलं."

"मी रोज देवासारखं तुमचं नाव घेत होते. म्हणत होते, सगळ्यांना जमेल यांना गुंडाळणं, मावशींना नाही जमणार. एवढंच एक सुख होतं मला." तिचा आवाज चढला नाही. "का दिलंत?"

मावशीनं तिच्याकडे बघितलं. सांगायला तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर पडलं असतं. रिक्षातून पोरगी बघत होती.

"त्यानं मागितलं म्हणून."

ती मग पदर खांद्यावर ओढून निघाली. रिक्षात बसताना तिनं पोरीचं तोंड दुसरीकडे वळवलं.

रिक्षा गेल्यावर गिऱ्हाइकानं विचारलं, "कोण हो या?"

"सून," मावशी म्हणाली. किल्लीच्या दातांवर कानस फिरवली, भुसा फुंकला आणि किल्ली त्याच्या हातात दिली. "लावून बघा. अडली तर परत आणा."